अर्ज क्रमांक एकतीस

"शेरे वाच हं. नुसते आकडे उतरवून मोकळी होऊ नकोस."

पाठारे मॅडम हे म्हणाल्या तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तीन दिवस उरले होते. आपल्या कपाटातल्या फायली त्या एकेक करून माझ्या टेबलावर आणून ठेवत होत्या. मी एका हाताने फायली रचत होते आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर माझी मुलगी झोपलेली बघत होते. आम्ही घरी कॅमेरा बसवला होता. ऋता नऊ महिन्यांची होती. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर तिची छाती वरखाली होताना दिसेपर्यंत मला दुसरं काही सुचायचं नाही.

"ऐकतेयस ना?"

"हो मॅडम. शेरे वाचायचे."

"आकडा माणूस घाईत टाकतो. शेरा लिहायला बसावं लागतं. दोन्ही जुळले नाहीत तर उठून त्या माणसाकडे जा आणि विचार. इथे बसून आपल्या मनाने कयास बांधू नकोस."

"आता सगळं संगणकावर असतं ना, मॅडम. एखादा रकाना रिकामा राहिला तर तो लाल होतो."

"रिकामा राहिला तर होतो," त्या म्हणाल्या आणि पुढची फाईल आणायला गेल्या.

मी मान डोलावली होती. निवृत्त होणाऱ्या माणसाला आपल्यामागे सगळं बिघडणार असं वाटतंच, असं काहीतरी मनात म्हटलंही असेन.

आमचं कार्यालय पुण्यात होतं. वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणारी एक छोटी संस्था. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. केलेली, कंत्राटावर लागलेली, बाळंतपणाच्या रजेवरून नुकती परतलेली. माझ्याकडे जी समिती आली ती सर्जरी, भूल आणि अपघात या विषयांची. नऊ डॉक्टर, बेचाळीस अर्ज आणि बैठकीचा एक दिवस.

काम वरवर सोपं होतं. प्रत्येक अर्ज तीन डॉक्टर आपापल्या घरी वाचत, शेरा लिहीत आणि गुण देत. त्या वर्षी गुणांची पद्धत बदलली होती. एक म्हणजे उत्तम, नऊ म्हणजे नकोच. तिघांच्या गुणांची सरासरी चारच्या आत आली तर अर्ज बैठकीत चर्चेला यायचा. चारच्या पलीकडे गेला की चर्चेविना बाद. कुणा सदस्याने तो परत मागितला तरच वाचायचा, आणि तेही अध्यक्षांनी बाद यादीवर सही करायच्या आत. सही दुपारच्या जेवणाआधी व्हायची.

आणखी एक नियम होता. अर्जदार आपला नातेवाईक, भागीदार किंवा विद्यार्थी असेल तर परीक्षकाने ते आधीच कळवायचं, अर्जाला हात लावायचा नाही, आणि चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जाऊन बसायचं.

मी बसायचे भिंतीकडच्या खुर्चीवर. इतिवृत्त लिहायचं, पाणी आहे का बघायचं. कोणता अर्ज चांगला, कोणता वाईट, यावर चकार शब्द काढायचा नाही. ते टेबलाशी बसणाऱ्यांचं काम. गुण आणि शेरे ताडून पाहणं हे मात्र माझं. प्रत्येक अर्जासमोर एक चौकोन होता, "शेरा व गुण पडताळले". बैठकीच्या आठवडाभर आधी ऋताला लस टोचली आणि ताप चढला. एकशे दोन. ती माझ्या मांडीवर होती, आणि मी डाव्या हाताने एकापाठोपाठ एक बेचाळीस चौकोनांत खुणा केल्या. एकही शेरा वाचला नाही. एकही रकाना लाल नव्हता.

बैठकीच्या दिवशी सगळ्यांच्या आधी आले साठ्ये सर. विद्याधर साठ्ये, भूलतज्ज्ञ, साठीला टेकलेले, कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. समितीत मला नावाने हाक मारणारे ते एकटेच.

"काय शलाका, कन्यारत्न रात्री झोपू देतं का?"

"कुठलं सर!"

"पाठव आमच्याकडे. आम्ही लोकांना झोपवण्याचीच फी घेतो."

मागून डॉ. उकिडवे आल्या. अपघातातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करणाऱ्या, मोठ्या आवाजाच्या, कुणाचीही भीड न ठेवणाऱ्या. "आणि उठवण्याची फी, साठ्ये?"

सर हसले. मग किंचित थांबून म्हणाले, "ते त्यातच धरलेलं असतं, मॅडम."

अध्यक्ष रिसबूड सरांनी ठीक दहाला घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. निवृत्त सर्जन. त्यांना वेळ वाया गेलेला चालायचा नाही. त्यांनी बाद यादी वाचायला घेतली, ती नुसत्या क्रमांकांनी.

"तीन, सात, आठ, बारा... एकतीस, तेहेतीस... एक्केचाळीस. कुणाला काही परत हवंय?"

तेवढ्यात चहा आला होता. कप फिरत होते, कुणी चष्मा शोधत होतं. बेचाळीस अर्जांतला एकतीस म्हणजे कोणता, हे कोणाच्या ध्यानात असणार?

"ठीक. एकच्या आत सही करतो. तोवर आठवलं तर सांगा. चला, पहिला अर्ज."

चर्चा सुरू झाली. बाद अर्जदारांना परीक्षकांचे शेरे पाठवायचे असतात, म्हणून मी शांतपणे ते एकेक उघडून पत्रात घालायला लागले. आता ते वाचावेच लागत होते. तीन, सात, आठ. शेरे रुक्ष होते, आकडे त्यांना शोभतील असेच. मग एकतीस उघडला.

अर्जदार डॉ. निशा वळवी. सातपुड्याच्या पायथ्याशी एका ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ. विषय साधा होता. ऑपरेशन झालेल्या लहान मुलांना बाहेर आणल्यावर पहिला अर्धा तास त्यांच्या श्वासाकडे कुणीतरी बघत बसायचं. त्यासाठी अकरा तालुक्यांतल्या नर्सना शिकवायचं, मुलाच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी लावायची आणि किती मुलं वाचतात याची नोंद ठेवायची. बस्स.

पहिल्या परीक्षकाचा गुण दोन. दुसऱ्याचा तीन. तिसऱ्याचा आठ.

तिसऱ्याचा शेरा असा होता: "अत्यंत गरजेचं काम. पद्धत निर्दोष. अर्जदाराला हा प्रश्न प्रत्यक्ष अनुभवातून ठाऊक आहे, हे प्रत्येक पानावर दिसतं. हे काम वीस वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं."

खाली आठ.

तिसरे परीक्षक साठ्ये सर होते.

सरासरी चार पूर्णांक तीन. तो आठ नसता तर अर्ज पहिल्या पाचांत असता. वर कोपऱ्यात बारीक अक्षरांत आणखी एक गोष्ट होती: "तिसरा व अखेरचा प्रयत्न." तोच प्रकल्प आमच्याकडे तीनदाच देता यायचा. यादीवर सही झाली की डॉ. वळवींचा अर्ज कायमचा संपला.

आणि समोर चौकोनात माझी खूण.

मला वाटलं, सरांचा हात जुन्या पद्धतीने गेला. जुन्या पद्धतीत आठ म्हणजे फार चांगलं. मी घाईने त्यांनी तपासलेले आणखी दोन अर्ज उघडले. तिथे शेरा आणि गुण अगदी जुळत होते, चांगल्याला दोन, बऱ्याला चार. म्हणजे नवी पद्धत त्यांना बरोबर कळली होती. हे मला दिसलं. पण दिसूनही ही चूकच आहे असं मी धरून चालले. चूक सोपी असते. ती दुरुस्त करता येते.

साडेअकराला चहाची सुट्टी झाली. सर खिडकीपाशी एकटेच उभे होते.

"सर, एक मिनिट. अर्ज एकतीस. तुमचा शेरा इतका चांगला आहे आणि आकडा आठ पडलाय. जुन्या पद्धतीने झालं असेल. तुम्ही अध्यक्षांना एवढं सांगितलंत की..."

"आठच आहे."

"सर, आता आठ म्हणजे..."

"मला माहितीये आठ म्हणजे काय ते."

त्यांनी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आणि दाराकडे बघत म्हणाले, "चल जरा बाहेर."

जिन्याच्या वळणावर एक बाक होता. सर बसले नाहीत, म्हणून मीही बसले नाही.

"अर्जाचं पहिलं पान वाचलंस?"

"नुसतं चाळलं."

"वाच आता. मोठ्याने नको."

लॅपटॉप हातावर तोलून मी पहिलं पान उघडलं. "एका मोठ्या रुग्णालयात चार वर्षांच्या मुलीवर हर्नियाची साधी शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. मुलीला बाहेर आणल्यानंतर बाराव्या मिनिटाला तिचा श्वास थांबल्याचं लक्षात आलं." नाव नव्हतं, गाव नव्हतं, साल नव्हतं.

"निशा माझ्याकडे शिकत होती," सर म्हणाले. "त्या दिवशी टेबलाशी ती माझ्या शेजारी उभी होती."

"आणि भूल..."

"मी दिली होती."

खाली कुणीतरी गाडी लावत होतं. मागे घेतानाचा तो पीं पीं आवाज मला अजून ऐकू येतो.

"सर, मग तुम्ही कळवायला हवं होतं. विद्यार्थिनी आहे. अर्ज तुमच्याकडे यायलाच नको होता."

"हो."

"मग का घेतलात?"

"काय लिहिलंय ते वाचायचं होतं. सात वर्षांत तिने मला त्याबद्दल एक अवाक्षर बोलून दाखवलं नाही, ना मी तिला. वाटलं, काय लिहिलंय ते तरी बघू." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "एका शब्दानेही मला दोष दिलेला नाही तिने. तेच वाचवेना."

"पण आठ?"

"शेरा खोटा लिहिता आला नाही, शलाका. आकडा लिहिता आला." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "चर्चेला आला असता तर उकिडवे बाईंनी पहिला प्रश्न काय विचारला असता? ही केस कुठली? कोण होता भूल देणारा? आणि मी तिथे पाण्याचा ग्लास धरून बसलो असतो."

"तो अर्ज शेवटचा आहे, सर. पुन्हा देता येणार नाही तिला."

"माहितीये मला. रोज माहितीये." मग आवाज एकदम खाली आला. "ऑपरेशन छान झालं होतं गं. मुलगी रडली, डोळे उघडले. मी म्हटलं, न्या बाहेर. बाहेर म्हणजे कॉरिडॉर. आई होती तिथे. पुढची केस दाराशी आलेली. मी वळून बघितलंसुद्धा नाही. आईला वाटलं, झोपलीय. तिने आपली ओढणी काढली आणि तिच्या..."

"सर, नको."

मी हात वर केला होता. अगदी रस्त्यात गाडी थांबवायला करतात तसा. मला पुढचं ऐकायचं नव्हतं. माझ्या खिशात फोन होता, त्यात माझी नऊ महिन्यांची मुलगी झोपलेली होती. कुठल्याही आईने कुठल्याही मुलीवर ओढणी पांघरलेली मला नको होती.

सर थांबले.

"पावणेबारा झाले, सर," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला, कार्यालयाचा. "अजून वेळ आहे. तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, की अर्जदार माझी विद्यार्थिनी आहे. तुमचा गुण बाद होतो, सरासरी बाकीच्या दोघांची धरतात. तुम्ही बाहेर जाऊन बसायचं. इतिवृत्तात दुसरं काही येत नाही."

"एवढंच?"

"एवढंच लागतं, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा घातला. "बघतो," म्हणाले आणि आत गेले.

पण त्यांनी सांगितलं नाही. बारा वाजले. साडेबारा वाजले. टेबलावर भाजलेल्या त्वचेवरच्या कुठल्याशा मलमाची चर्चा चालू होती. त्यावर सर दोन वाक्यं बोललेही, अगदी मुद्द्याचं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी खिशातला फोन काढला, पडदा उजळला, ऋता पालथी होऊन झोपली होती, मी फोन आत ठेवला, पुन्हा काढला. बारा अठ्ठेचाळीस. वाटलं, मी कशाला मध्ये पडू? मी पडताळलं नाही हे कुणाला कळणार? कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय. आणि सातपुड्यातल्या त्या बाईला शेरे जातील, ती चार दिवस रडेल आणि कामाला लागेल.

रिसबूड सरांनी बाद यादी पुढे ओढली. पेनाचं टोपण काढलं.

मी उभी राहिले.

"सर, अर्ज एकतीसबद्दल मला बोलायचंय."

सगळी डोकी वळली. भिंतीकडच्या खुर्चीतून आवाज येण्याची कुणाला सवय नव्हती.

"मॅडम, अर्जाच्या गुणवत्तेवर तुम्हाला बोलता येत नाही," रिसबूड सर म्हणाले.

"गुणवत्तेवर नाही, सर. माझ्या चुकीवर. शेरा आणि गुण पडताळल्याची खूण मी केली आहे, पण प्रत्यक्षात पडताळलेलं नाही. या अर्जात ते जुळत नाहीत."

"एका अर्जात?"

"मी कुठल्याच अर्जात पडताळलेलं नाही, सर."

"वा!" उकिडवे मॅडम म्हणाल्या. "म्हणजे आपण सकाळपासून काय भजी तळतोय का?"

कुणीतरी हसलं. रिसबूड सर हसले नाहीत. त्यांनी कागद उलटून बघितला, मग वर पाहिलं. "साठ्ये, तुमचा आहे हा. शेरा एवढा गोड आणि गुण आठ? काय लिहायचं होतं? तीन?"

"तीन" म्हटलं असतं तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. अर्ज वाचला असता, सर वाचले असते, आणि चूक कोणती हे फक्त आम्हा दोघांना माहीत राहिलं असतं. रिसबूड सरांनी पेन तयार धरलं होतं. मला वाटलं, म्हणा सर. म्हणा तीन.

सरांनी समोरचे कागद नीट सरळ केले.

"आठ खोडा," ते म्हणाले. "तीनही लिहू नका. मी हा अर्ज तपासायलाच नको होता. अर्जदार माझी विद्यार्थिनी आहे. मी कळवलं नाही. आणि..."

सगळे त्या "आणि"च्या पुढची वाट बघत होते. मीही. माझी बोटं कळफलकावर होती.

"एवढंच," सर म्हणाले आणि उठून बाहेर गेले. दार त्यांनी अगदी हळू लावलं, आत कुणी झोपलेलं असावं तसं.

"साठ्येंसारख्या माणसाने असं करावं!" कुणीतरी म्हणालं. रिसबूड सरांनी टेबलावर बोट आपटलं. "बाहेर गेलेल्या माणसावर चर्चा नाही. सरासरी काय झाली?"

"अडीच, सर."

"चर्चेला घ्या. आत्ताच. जेवण थांबेल."

चर्चा पस्तीस मिनिटं चालली. उकिडवे मॅडमनी खरंच विचारलं, "ही पहिल्या पानावरची केस कुठली?" आणि मग स्वतःच म्हणाल्या, "जाऊ दे. कुठलीही असेल. माझ्याही कॉरिडॉरमध्ये कोण बघतं हो पोरांकडे?" त्यानंतर बराच वेळ कुणी विनोद केला नाही. अर्ज त्या दिवशीच्या सगळ्यांत चांगल्या गुणांनी मंजूर झाला.

मी सरांना बोलवायला बाहेर गेले. बाक रिकामा होता. जिन्यात, खाली पार्किंगमध्ये, कुठेच नव्हते. दुसऱ्या दिवशी ईमेल आली. प्रकृतीच्या कारणास्तव समितीचा राजीनामा. मी तिची नोंद केली, पोच पाठवली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आता त्यांच्या समोर जावं लागणार नव्हतं. मला लेखी समज मिळाली, बाकीचे एक्केचाळीस अर्ज मी दोन दिवस बसून ताडून पाहिले, ते सगळे जुळले, आणि कंत्राट पुढे चालू राहिलं. घरी मी ही हकिकत सांगितली तेव्हा माझा नवरा म्हणाला, "अगं, तू धीर दाखवलास." मलाही तसंच वाटत होतं. जवळजवळ दोन वर्षं वाटत होतं.

दोन वर्षांनी डॉ. निशा वळवी प्रगती अहवाल घेऊन पुण्याला आल्या. बुटक्या, हसऱ्या, पायात धुळीने भरलेल्या सँडल. अकरा तालुक्यांत मिळून सतरा मुलांचा श्वास अडलेला नर्सना वेळेत कळला होता. सतराही घरी गेली. त्यांनी ते सांगितलं, आणि पाणी पिऊन ग्लास खाली ठेवता ठेवता विचारलं, "साठ्ये सर भेटतात का हो तुम्हाला?"

परीक्षकांची नावं अर्जदाराला सांगायची नसतात. मी त्यांचा ग्लास पुन्हा भरला.

"नका सांगू. पद्धत निर्दोष असं लिहिणारा माणूस मला माहितीये. माझ्या प्रबंधावरही त्यांनी तेच लिहिलं होतं."

"ते आता समितीवर नाहीत," मी म्हटलं.

"ते आता कुठेच नाहीत. भूल देणं सोडलं त्यांनी. तुमच्या त्या बैठकीनंतर महिन्याभरात. कराडला बहिणीचं घर बंद होतं, तिथे राहतात असं ऐकलं." त्यांनी अहवालाचा कोपरा दुमडला, उलगडला. "मॅडम, ती मुलगी गेली त्या दिवशी आम्ही सगळे तिच्या आईवडिलांपाशी गेलो. सर्जन गेले, नर्स गेल्या, मीही गेले. जायलाच हवं होतं. सरांनी हात धुतले आणि पुढची केस घेतली. मग आणखी तीन. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर. कुणी म्हटलं नाही, सर, आज बसा."

"तुम्ही?"

"मी सव्वीस वर्षांची होते. आणि मला त्यांचा राग आला होता. असे हात धुऊन कसे उभे राहिले, याचा. त्यांनी कधी कुणाला सांगितलंच नाही. कुणी विचारलंच नसेल."

मला जिन्याचं वळण दिसलं. त्यांनी सांगायला घेतलं होतं. सात वर्षांत पहिल्यांदा, कुणापुढे तरी, अर्ध्या वाक्यापर्यंत आले होते. आणि मी हात वर करून त्यांना नियम सांगितला होता.

त्या दिवशी मी अर्ज वाचवला होता. उठून बाहेर गेलेल्या माणसाकडे पस्तीस मिनिटं कुणी गेलं नाही, त्यात मीही होते. आणि नंतरची दोन वर्षंही.

त्याच रविवारी मी कराडला गेले. पत्ता डॉ. वळवींनी मिळवून दिला. सरांनीच दार उघडलं. शर्ट तोच, पांढरा, अर्ध्या बाह्यांचा, आता खांद्यांवर मोठा झालेला. त्यांनी मला ओळखायला वेळ घेतला, मग माझ्या मागे बघितलं, कागद घेऊन कुणी आलंय का असं.

"कार्यालयाचं काही राहिलंय का?"

"नाही सर. माझं राहिलंय. त्या दिवशी तुम्ही सांगत होतात आणि मी तुम्हाला थांबवलं. तिच्या आईने ओढणी काढली. पुढे काय झालं?"

ते दाराला धरून उभे राहिले. मग आत वळले, खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली आणि मला बसायला जागा केली.

दोन तास ते बोलत होते. पहिल्यांदा तुटक, मग सलग. तिचं नाव त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. मी रडले, ते रडले नाहीत. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "तुला ऐकवतंय ना?" नव्हतं ऐकवत. मी म्हटलं, "सांगा, सर."

निघताना ते फाटकापर्यंत आले. पुढच्या महिन्यात डॉ. वळवी येणार आहेत, असं मी सांगितलं. "तिला म्हणावं, जेवायलाच ये," ते म्हणाले. त्या गेल्या. नंतरही जात राहिल्या. त्याला आता सहा वर्षं झाली.

मी सरांचं नाव बदललंय, गावही बदललंय. तुम्ही त्यांना शोधू नका. पण तुमच्या ओळखीत असं कुणीतरी नक्की असेल. भूल देणारी एखादी मैत्रीण, शेजारच्या इमारतीतली नर्स, रुग्णवाहिका चालवणारा मावसभाऊ. त्यांच्या हातांतून कधीतरी कुणीतरी गेलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी ते वेळेवर कामावर हजर झालेले असतात. आपण म्हणतो, त्यांना सवय असते. एकदा त्यांच्याकडे जाऊन या. फोनवर नको, समक्ष जा. काम काढून जाऊ नका. त्यांनी विषय टाळला तर टाळू द्या, चहा पिऊन परत या, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. आणि बोलायला लागले, तर त्यांचं वाक्य पुरं होऊ द्या.